इंग्रजी वाक्य अर्धवट राहतं किंवा दुसऱ्यात घुसतं: चूक शोधण्याचा क्रम

इंग्रजी मजकूर तपासून देण्याच्या कामात माझ्यासमोर जे कागद येतात त्यांत स्पेलिंगच्या चुका आता फारशा नसतात, त्या कॉम्प्युटरच काढून टाकतो. काळ आणि वचनही बहुतेकांचं ठीक असतं. पुन्हा पुन्हा सापडतो तो एकच दोष: वाक्य नेमकं कुठे संपतं हे लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नसतं. कधी पूर्णविराम वेळेआधी पडतो आणि वाक्याचा तुकडा एकटा मागे राहतो. हा फ्रॅगमेंट. कधी पूर्णविराम पडतच नाही आणि दोन-तीन वाक्यं एकमेकांत घुसतात. हे रन-ऑन. रन-ऑनमध्ये दोन वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम असेल तर त्याला कॉमा स्प्लाइस म्हणतात, काहीच नसेल तर फ्यूज्ड सेंटेन्स. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, दुरुस्ती सारखीच आहे.

खालची इंग्रजी उदाहरणं देवनागरीत लिहिली आहेत. देवनागरीत कॅपिटल अक्षर दिसत नाही, तेव्हा वाचताना विरामचिन्हांवर नजर ठेवा.

लक्षणं

शिक्षकांनी किंवा संपादकांनी समासात "फ्रॅग", "आर-ओ" किंवा "सी-एस" असं लिहून कागद परत केला असेल तर निदान झालेलंच आहे. पण सहसा कोणी इतकं स्पष्ट सांगत नाही. मग या खुणा बघा.

एखादं वाक्य संपल्यावर वाचणारा "बरं, मग पुढे?" असं विचारतो. तुम्ही म्हणता, पुढे काही नाही, मागच्याच वाक्यात सगळं आहे.

पूर्णविरामानंतरचं वाक्य विच, बिकॉज, व्हेअरॅज, सच ॲज, एस्पेशली अशा शब्दांनी सुरू होतं आणि लगेच संपतं.

अख्ख्या परिच्छेदात पूर्णविराम एकच, तोही शेवटी. मधला सगळा भार स्वल्पविरामांवर.

मधला एखादा शब्दसमूह मागच्या वाक्याचा की पुढच्या, हे कळत नाही. हे लक्षण सगळ्यांत महागात पडतं. "वी विल स्टार्ट द वर्क आफ्टर द मीटिंग द टीम विल सेंड द रिपोर्ट." मीटिंगनंतर काम सुरू होणार की मीटिंगनंतर रिपोर्ट येणार? दोन माणसं दोन अर्थ घेऊन उठतील, आणि दोघांनाही आपण बरोबर वाचलं असंच वाटेल.

आणि शेवटचं: एक चूक सुधारली की दुसरी उपटते. कोणी "वाक्यं लहान करा" म्हटलं म्हणून तुम्ही पूर्णविराम वाढवता आणि तुकडे पडायला लागतात. मग "तुटक वाटतंय" असा शेरा येतो, तुम्ही जोडायला घेता आणि रन-ऑन होतात. असं चक्र चालू असेल तर तुम्ही वाक्याची हद्द चुकीच्या मापाने मोजता आहात हे नक्की.

आधी दोन चुकीची मापं टाकून द्या

पहिलं माप लांबीचं. रन-ऑन म्हणजे लांबलचक वाक्य, असा समज इतका पक्का आहे की तो काढायलाच सर्वांत जास्त वेळ जातो. "ही रॅन शी वॉक्ड." चार शब्द, तरी रन-ऑन. उलट साठ शब्दांचं वाक्य व्याकरणात चोख असू शकतं. ते वाचायला जड असेल, तो वेगळा प्रश्न. फ्रॅगमेंटचंही तसंच. "स्टॉप." हे पूर्ण वाक्य आहे, कारण आज्ञार्थात "यू" हा कर्ता गृहीत असतो. आणि तीन ओळींचा तुकडाही शेवटपर्यंत तुकडाच राहू शकतो.

दुसरं माप श्वासाचं. "जिथे थांबावंसं वाटतं तिथे स्वल्पविराम द्या" हे शाळेत अनेकांना सांगितलं जातं. मोठ्याने वाचताना थोडं थांबायचं ठिकाण आणि वाक्य संपायचं ठिकाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबल्यासारखं दोन्हीकडे वाटतं, म्हणूनच पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम पडतो.

खरं माप एकच: कर्ता, त्याचं काळ दाखवणारं क्रियापद, आणि या जोडीला दुसऱ्या वाक्यावर टेकवणारा शब्द (बिकॉज, व्हेन यांसारखा) सोबत आहे की नाही. पुढच्या सगळ्या तपासण्या हेच वेगवेगळ्या बाजूंनी बघतात. सोप्यापासून सुरू करा. बहुतेक मजकूर दुसऱ्या-तिसऱ्या तपासणीतच नीट होतो.

तपासणी १: शेवटून सुरुवातीकडे वाचा

याला व्याकरण लागत नाही, पैसे लागत नाहीत. परिच्छेदातलं शेवटचं वाक्य आधी वाचा, मग त्याच्या आधीचं, असं वर चढत जा. शब्द उलटे वाचायचे नाहीत, वाक्यांचा क्रम उलटा.

याचा उपयोग असा की सरळ वाचताना मागचं वाक्य डोक्यात ताजं असतं आणि तुकड्याची उणीव मेंदू परस्पर भरून काढतो. "द पंप फेल्ड ट्वाइस. विच डिलेड द होल प्रोजेक्ट." सरळ वाचलं तर काही खटकत नाही. खालून आलात तर "विच डिलेड द होल प्रोजेक्ट" हे एकटं समोर येतं आणि लगेच डुगडुगतं.

एक सावधगिरी. "इट फेल्ड ट्वाइस." हेही खालून वाचताना अपुरं वाटेल, कारण "इट" म्हणजे काय ते माहीत नसतं. पण ते वाक्य पूर्ण आहे. माहिती अपुरी असणं आणि रचना अपुरी असणं यात गल्लत करू नका. नाहीतर चांगली वाक्यं मोडून ठेवाल.

तपासणी २: वर्डची मदत घ्या, पण निकाल त्याच्या हाती देऊ नका

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये एफ ७ दाबलं की स्पेलिंग आणि व्याकरणाची तपासणी सुरू होते. ग्रामरलीसारखी साधनंही आहेत. ती लहान, ढळढळीत तुकडे बऱ्यापैकी पकडतात. लांब वाक्यात चुकतात: कधी मथळ्याला फ्रॅगमेंट म्हणतात, कधी दोन वाक्यांमधला उपरा स्वल्पविराम तसाच सोडतात. त्यांनी सुचवलेला बदल एका क्लिकमध्ये मान्य करायची सवय मला मुळीच पसंत नाही. दोन वाक्यांत "अँड" घालायचं की "बट" की "बिकॉज", हे तुम्हाला काय म्हणायचं आहे त्यावर ठरतं, आणि ते साधनाला फक्त अंदाजाने कळतं.

तपासणी ३: ठरावीक शब्द शोधून काढा

माझा सगळ्यांत भरवशाचा उपाय हा. मराठी माणसाच्या इंग्रजीत हे दोष वाटेल तिथे होत नाहीत, ते मोजक्या शब्दांच्या आसपास होतात. कंट्रोल आणि एफ दाबून ते शब्द एकेक करून शोधा.

पहिला गट पूर्णविरामानंतर येणाऱ्या शब्दांचा: बिकॉज, ऑलदो, व्हेअरॅज, विच, सच ॲज, एस्पेशली, फॉर एक्झाम्पल. यांतला बिकॉज सर्वांत पुढे. "आय डिड नॉट अटेंड द मीटिंग. बिकॉज आय वॉज ट्रॅव्हलिंग." असं आपल्या हातून इतक्या सहज का लिहिलं जातं? कारण मराठीत हे चालतं, आणि हे वाक्यच त्याचा पुरावा आहे: "कारण" ने सुरू झालं आणि कोणालाही खटकलं नाही. मराठीतलं "कारण" आधीच्या पूर्णविरामाला दाद न देता मागच्या वाक्याला धरून राहतं. इंग्रजीतलं "बिकॉज" आपल्यानंतर येणाऱ्या वाक्याला दुबळं करतं, त्याला टेकायला त्याच वाक्यात दुसरं वाक्य हवं असतं.

म्हणून "बिकॉज ने वाक्य कधीच सुरू करू नये" असा नियम करून टाकण्याचीही गरज नाही. "बिकॉज आय वॉज ट्रॅव्हलिंग, आय डिड नॉट अटेंड द मीटिंग." हे निर्दोष आहे. बिकॉज सुरुवातीला आलं म्हणून तुकडा होत नाही, टेकायला काही नसलं की होतो. "अँड" आणि "बट" ची गोष्ट तर आणखी वेगळी; त्यांनी सुरू झालेलं वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण असतं, फार औपचारिक लेखनात काही संपादक ते टाळतात एवढंच.

"विच" बघताना प्रश्न वगळा. "विच रूम इज फ्री?" बरोबर आहे. "विच वॉज अ मिस्टेक." हे बरोबर नाही, ते मागच्या वाक्याला स्वल्पविरामाने जोडा, किंवा "विच" च्या जागी "दिस" घाला आणि स्वतंत्र उभं करा. "फॉर एक्झाम्पल" ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे कर्ता-क्रियापद असेल तर ते पूर्ण असतं. नुसती नामांची यादी असेल तर तुकडा. "सच ॲज" नंतर मात्र बहुतेक वेळा यादीच येते, तेव्हा त्याआधी पूर्णविराम दिसला की तो काढायचाच असं धरून चाला.

दुसरा गट स्वल्पविरामानंतर येणाऱ्या शब्दांचा: हाउएव्हर, देअरफोर, मोअरोव्हर, देन. हे शब्द जोडणारे वाटतात आणि नेमके तिथेच फसवतात. इंग्रजीत दोन स्वतंत्र वाक्यांना स्वल्पविरामासह जोडण्याचा अधिकार सातच उभयान्वयी अव्ययांना आहे: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. आद्याक्षरं जोडून "फॅनबॉइज" असं पाठ करून घेतात ते हेच. "हाउएव्हर" आणि "देअरफोर" त्यात नाहीत. ती क्रियाविशेषणं आहेत.

फरक ओळखायची खूण सोपी आहे. शब्द वाक्यात हलवून बघा. "हाउएव्हर, द रिपोर्ट वॉज लेट." हेच "द रिपोर्ट, हाउएव्हर, वॉज लेट." असंही म्हणता येतं. "बट" असा हलत नाही. "द रिपोर्ट, बट, वॉज लेट" कोणी म्हणणार नाही. जो शब्द आपल्या वाक्यात इकडेतिकडे फिरू शकतो तो त्या वाक्याच्या आतला रहिवासी असतो, दोन वाक्यांमधला दुवा नसतो. त्यामुळे "द टेस्ट पास्ड, हाउएव्हर, द रिपोर्ट वॉज लेट." यात दोन वाक्यांमध्ये खरं तर काहीच उभं नाही. "पास्ड" नंतर पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, "हाउएव्हर" नंतर स्वल्पविराम. "म्हणून" आणि "मात्र" मराठीत बिनदिक्कत वाक्यं जोडतात, म्हणून हात तसाच चालतो. अर्थाने "सो" आणि "देअरफोर" जवळचे आहेत, पण एक यादीत आहे आणि दुसरा नाही. यात तर्क शोधत बसू नका, पाठ करा.

याच फेरीत स्वल्पविरामानंतर लगेच येणारी इट, दिस, दे, ही, शी, वी, आय ही सर्वनामं बघून घ्या. "द साइट इज स्लो, इट नीड्स अ न्यू सर्व्हर." सर्वनाम म्हणजे बहुधा नवा कर्ता, आणि नवा कर्ता म्हणजे नव्या वाक्याची शक्यता. प्रत्येक वेळी चूकच असेल असं नाही. "व्हेन द साइट इज स्लो, वी रीस्टार्ट इट." यात सुरुवातीच्या "व्हेन" मुळे पहिलं वाक्य गौण झालं आहे, तेव्हा स्वल्पविराम बरोबर.

मराठीत विरामचिन्हं रुळली ती १९व्या शतकात, आणि त्याचं श्रेय मराठी शब्दकोशाचं काम केलेल्या मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याला दिलं जातं. त्याआधीच्या मोडी लिखाणात ती नव्हतीच. चिन्हं इंग्रजीतून आली, त्यांचे कडक नियम मात्र सगळे आले नाहीत. "पाऊस आला, आम्ही आत पळालो" यात मराठी वाचकाला काहीही वावगं वाटत नाही. हीच रचना इंग्रजीत नेली की कॉमा स्प्लाइस. मराठी लेखकाला "विरामचिन्हं कळत नाहीत" असं जे सरसकट म्हटलं जातं ते मला म्हणूनच पटत नाही. त्याला मराठीचे नियम चांगले कळतात आणि तो तेच इंग्रजीत लावतो, एवढाच प्रकार आहे.

तपासणी ४: पुढे "इट इज ट्रू दॅट" लावा

तुकड्याचा संशय असेल तर त्या वाक्याच्या सुरुवातीला "इट इज ट्रू दॅट" जोडून वाचा. पूर्ण विधान त्यात बसतं: "इट इज ट्रू दॅट द पंप फेल्ड ट्वाइस." तुकडा बसत नाही: "इट इज ट्रू दॅट व्हेअरॅज द सेकंड पंप वॉज न्यू", "इट इज ट्रू दॅट सच ॲज पंप्स अँड व्हॉल्व्ह्ज". वाचताना जीभ अडते किंवा पुढे काहीतरी यायचं आहे असं वाटतं.

"दॅट" नंतरची जागा अख्ख्या विधानासाठीच राखलेली असते, म्हणून ही युक्ती चालते. दोन मर्यादा आहेत. प्रश्न आणि आज्ञा त्या जागेत बसत नाहीत, तरी त्या पूर्ण असतात. आणि रन-ऑन या चाळणीतून खुशाल निसटतो, कारण त्याचा पहिला भाग व्यवस्थित बसतो. त्याच्यासाठी पुढची तपासणी.

तपासणी ५: हो-नाही प्रश्न करून बघा

संशयित वाक्याचा असा प्रश्न करा की उत्तर यस किंवा नो येईल. "द मशीन स्टॉप्ड, द ऑपरेटर कॉल्ड द सुपरवायझर." एका प्रश्नात हे मावत नाही. दोन करावे लागतात: "डिड द मशीन स्टॉप?" आणि "डिड द ऑपरेटर कॉल द सुपरवायझर?" म्हणजे इथे दोन मुख्य वाक्यं आहेत. आता त्यांच्या मधोमध काय आहे ते बघा. नुसता स्वल्पविराम, म्हणजे दोष पक्का. तिथे स्वल्पविराम आणि "सो" असता तर प्रश्न दोनच झाले असते, पण वाक्य बरोबर असतं.

आता हे बघा: "व्हेन द मशीन स्टॉप्ड, द ऑपरेटर कॉल्ड द सुपरवायझर." प्रश्न एकच होतो: "डिड द ऑपरेटर कॉल द सुपरवायझर व्हेन द मशीन स्टॉप्ड?" "व्हेन" चा भाग मुकाट मागे येतो. तसंच "द ऑपरेटर स्टॉप्ड द मशीन अँड कॉल्ड द सुपरवायझर." कर्ता एकच, प्रश्न एकच, आणि "अँड" आधी स्वल्पविरामाची गरज नाही.

प्रश्न करताना सहायक क्रियापद मुख्य वाक्याच्याच कर्त्याच्या आधी जातं, गौण वाक्याला हात लागत नाही. त्यामुळे किती मुख्य वाक्यं आहेत हे तुम्हाला नियम न आठवता कळतं. बोलायचं इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्याला ही तपासणी फार लवकर साधते. लिहिताना जे चुकतं ते कानाला बरोबर कळत असतं.

तपासणी ६: क्रियापद खरं आहे का

वाक्यात क्रियापदासारखं काहीतरी दिसतं, तरी वाक्य पूर्ण होत नाही, असं असेल तर इथे या. "द चिल्ड्रन प्लेइंग इन द पार्क." "द रिपोर्ट सेंट बाय द टीम." दोन्ही तुकडे आहेत. पहिल्यातलं "प्लेइंग" आणि दुसऱ्यातलं "सेंट" ही धातुसाधितं आहेत. ती काळ दाखवत नाहीत.

पारख करायला वाक्याच्या पुढे एकदा "यस्टर्डे" आणि एकदा "टुमॉरो" लावा. खऱ्या क्रियापदाला रूप बदलावं लागतं. "द टीम सेंट द रिपोर्ट" हे उद्यावर नेलं की "द टीम विल सेंड द रिपोर्ट" होतं. "द रिपोर्ट सेंट बाय द टीम" मधलं "सेंट" कालही तेच आणि उद्याही तेच. जे हलत नाही ते क्रियापदाचं काम करत नाही.

मराठीत ही फसगत होत नाही. "टीमने पाठवलेला अहवाल" याला कोणी वाक्य म्हणणार नाही, कारण "पाठवलेला" हे रूपच वेगळं दिसतं आणि ते नामाच्या आधी येतं. इंग्रजीत ते नामाच्या नंतर येतं, नेमकं क्रियापदाच्या जागी, आणि "सेंट", "केप्ट", "मेड" यांची भूतकाळाची रूपंही हुबेहूब तशीच. शिवाय "बीइंग". "द रीझन बीइंग दॅट द बजेट वॉज स्मॉल." हे फार भारदस्त वाटतं, पण तुकडाच आहे. "बीइंग" काढा, "वॉज" घाला.

याची उलट बाजू म्हणजे क्रियापद आहे आणि कर्ता गायब. "इज नॉट पॉसिबल टू कम टुडे." मराठीत "आलो", "आलीस" म्हटलं की कर्ता क्रियापदातच कळतो, वेगळा सांगावा लागत नाही. इंग्रजीत सांगावा लागतो, अगदी ज्याला काही अर्थ नाही असा "इट" सुद्धा. मेसेजमध्ये "विल कॉल लेटर" चालतं, अहवालात चालत नाही.

तपासणी ७: जोड्या मोजा, दुवे मोजा

ही सर्वांत किचकट, म्हणून शेवटी. गुंतागुंतीचं वाक्य असेल, आधीच्या तपासण्यांनी समाधान झालं नसेल, तेव्हाच करा. कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद यांच्या जोड्या मोजा. मग त्यांना जोडणारे शब्द मोजा. दुवे जोड्यांपेक्षा एकने कमी हवेत. दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्यं असतील तर त्यांच्या मधला अर्धविरामही एक दुवा धरा.

"द इंजिनिअर हू इन्स्पेक्टेड द पंप सेड दॅट द सील वॉज वॉर्न, बट द रिपोर्ट डिड नॉट मेन्शन इट." जोड्या चार: इंजिनिअर-सेड, हू-इन्स्पेक्टेड, सील-वॉज, रिपोर्ट-डिड. दुवे तीन: हू, दॅट, बट. हिशेब जुळला. लांब आहे, पण रन-ऑन नाही.

दुवे कमी पडले तर रन-ऑन. दुवे जास्त झाले तर आपल्याकडचा तो प्रसिद्ध प्रकार: "ऑलदो द पंप वॉज न्यू, बट इट फेल्ड." जोड्या दोन, दुवेही दोन. मराठीत जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा अशी अव्ययं जोडीने येतात, त्यामुळे एकटं "ऑलदो" आपल्याला लंगडं वाटतं आणि हात आपोआप "बट" लिहितो. दोघांतलं कोणतंही एक काढा. "बिकॉज" आणि "सो" एकाच वाक्यात आले तरी हेच.

"जो-तो" ची सवयही इथेच उघडी पडते. "द मॅन हू केम यस्टर्डे ही इज माय बॉस." "हू-केम" ही एक जोडी, "ही-इज" ही दुसरी, आणि "द मॅन" बिचारा क्रियापदाविना उभा. "ही" काढलं की "द मॅन" ला त्याचं "इज" मिळतं.

मोजताना लपलेल्या "दॅट" कडे लक्ष द्या. "आय थिंक द सील इज वॉर्न." "द पंप वी बॉट लास्ट इयर हॅज फेल्ड." दोन्हींत जोड्या दोन आणि दुवा दिसत नाही, तरी वाक्यं बरोबर आहेत. मध्ये "दॅट" घालून वाचता आलं तर तो दुवा मोजून घ्या.

दोष सापडल्यावर

रन-ऑन आहे असं कळल्यावर लोक पहिल्यांदा चिन्ह बदलतात. मी उलट सांगेन: आधी दोन वाक्यांचं नातं काय ते ठरवा. "द पंप फेल्ड, वी चेंज्ड द सील." सील बदललं ते पंप बंद पडल्यामुळे, की सील बदलूनही पंप बंद पडला, की दोन्ही नुसतं एकामागून एक घडलं? स्वल्पविराम हा कच्चा टाका आहे, तो हे नातं पेलू शकत नाही. कारण असेल तर "बिकॉज" किंवा स्वल्पविरामासह "सो". विरोध असेल तर "ऑलदो" किंवा "बट". नातं सांगायचंच नसेल तर पूर्णविराम, आणि बहुतेक वेळा तोच उत्तम. अर्धविराम दोन पूर्ण वाक्यांमध्ये चालतो, पण शोभेसाठी पेरू नका. ज्याला तो नवा सापडतो तो दर ओळीत घालतो.

तुकड्याला तीन वाटा: मागच्या किंवा पुढच्या वाक्याला जोडा, हवा तो कर्ता किंवा क्रियापद द्या, नाहीतर टेकवणारा शब्द काढून टाका. "बिकॉज" चा भाग मागे जोडलात तर सहसा स्वल्पविराम नको, पुढे आणलात तर हवा.

ज्याला हात लावायचा नाही

संवाद, मथळे, यादीतले मुद्दे, "व्हेअर आर यू गोइंग?" ला दिलेलं "होम." असं उत्तर. हे तुकडे असले तरी दोष नाहीत. "इट इज कोल्ड, इझन्ट इट?" आणि "द मोअर यू रीड, द बेटर यू राइट." यांतला स्वल्पविराम नियमातच बसतो. अवतरणानंतर "ही सेड" आधीचा स्वल्पविरामही तसाच. "आय केम, आय सॉ, आय काँकर्ड." हे ज्युलियस सीझरच्या नावावरचं लॅटिन वाक्य इंग्रजीत बहुतेक वेळा नुसत्या स्वल्पविरामांनीच लिहितात: वाक्यं अगदी छोटी, साचा एकच, कर्ता एकच. तुमच्या वाक्यात या तिन्ही गोष्टी असतील तर ठेवा. ऑफिसच्या ईमेलमध्ये त्या क्वचितच असतात.

कुठे थांबायचं आणि कोणाला विचारायचं

मजकूर करार, न्यायालयीन कागद, औषधाच्या किंवा यंत्राच्या सुरक्षेच्या सूचना असा असेल तर तपासणी ५ च्या पुढे स्वतः जाऊ नका. दोष शोधा, खूण करा, दुरुस्ती करू नका. तिथे स्वल्पविराम हलला की जबाबदारी हलू शकते, म्हणून ते वाक्य त्या विषयाच्या जाणकाराने, करारात वकिलानेच, लिहायला हवं.

मजकूर दुसऱ्याचा असेल आणि दोन वाक्यांचं नातं तुम्हालाच कळत नसेल, तर लेखकाला विचारा. अंदाजाने "बिकॉज" घालणं म्हणजे त्याच्या तोंडी न म्हटलेलं घालणं. कथा-कवितेत तुकडे मुद्दाम ठेवलेले असू शकतात, तिथेही आधी विचारा.

प्रबंध किंवा प्रकाशनासाठीचा लेख असेल आणि दर परिच्छेदात दोष निघत असेल, तर कॉपी एडिटर गाठा. प्रूफरीडर नव्हे. प्रूफरीडर शेवटच्या प्रतीतल्या किरकोळ चुका काढतो. वाक्यं उलगडून पुन्हा बांधणं हे कॉपी एडिटरचं काम. प्रबंध असेल तर बाहेरून संपादन करून घ्यायला संस्थेची परवानगी आहे का, हे आधी बघा.

परीक्षेची तयारी असेल तर एडिटरचा उपयोग नाही, शिक्षकच हवा. आयईएलटीएसच्या लेखन विभागात चार निकष समान वजनाचे असतात आणि त्यांतला एक व्याकरणाचा आवाका व अचूकता हा आहे. विरामचिन्हं त्यातच मोजली जातात. तिथे कोणी तुमचं वाक्य सुधारून देणार नाही.

माणूस कोणताही निवडा, कागद देताना दोन गोष्टी मागून घ्या. वर्डमधलं ट्रॅक चेंजेस चालू ठेवायला सांगा, म्हणजे काय बदललं ते दिसेल. आणि पहिल्या एक-दोन पानांवर दुरुस्ती न करता नुसत्या खुणा करायला सांगा: इथे तुकडा, इथे रन-ऑन. त्या खुणांच्या शेजारी कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो ते बघा. तुमच्या तपासणी ३ च्या यादीत तोच सर्वांत वर लिहायचा.